आतोबांना पाण्याचं वावडं

उज्जैनमध्ये पाण्याला भिणारा एकच इसम राहतो, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा आहे. लोक कुठून कुठून गाड्या भरून इथे पाण्यात उतरायला येतात. पर्वणीला शिप्रेत पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. आणि नेमके त्याच दिवशी आमचे आतोबा नानाखेड्याच्या घरात खिडक्या लावून बसतात, कारण एवढी ओली माणसं एका गावात जमली की हवेतला दमटपणा वाढतो, असं त्यांचं म्हणणं. आंघोळ करतात, नाही असं नाही. पण आंघोळीनंतर स्वतःला ज्या निष्ठेने कोरडं करतात ती पाहून वाटावं, यांना आता बरणीत भरून वर्षभर ठेवायचं आहे. तीन पंचे लागतात आणि तिसरा फक्त कानांसाठी असतो. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' असं लिहिलेली जी दमटपणा शोषणारी पुडी येते ना, ती जगात कुणी जपून ठेवत असेल तर ते आतोबा. शर्टाच्या खिशात पुडी, चष्म्याच्या घरात पुडी, मीठ-मसाल्याच्या डब्यात पुडी. एकदा आत्याने वर्षाचे उडदाचे पापड करून डब्यात भरले आणि आतोबांनी प्रेमापोटी त्यात दहा-बारा पुड्या सोडल्या. दिवाळीला डबा उघडला तर आत पापड असे नव्हतेच, चुरा होता. आत्याने तो चुरा तसाच वाटीत घालून पाहुण्यांपुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या, आमच्याकडे सायन्स असंच खातात."

या सगळ्याचं मूळ एका बाटलीत आहे. बाटलीत व्हिनाइल ईथर नावाचं पातळ, पाण्यासारखं दिसणारं पण पाण्याशी उभा दावा मांडणारं एक द्रव्य असतं. वास थिनर आणि पिकून गेलेलं फळ यांच्या मधला. त्यात आम्लाचा एखादा थेंब पडला की आतले सुटे रेणू भराभर एकमेकांचे हात धरतात, लांबच लांब साखळी होते, आणि बघता बघता त्या पातळ पाण्याचा चिकट डिंक होतो. हे किती वेगाने होतं आणि नक्की कुठल्या पायऱ्यांनी होतं, एवढाच प्रश्न. माझ्यासारख्या बँकेत नोकरी करणाऱ्याला वाटेल, झाला ना डिंक, मग घरी जा. पण आतोबांनी कॉलेजातली सगळी मास्तरकी आणि त्यानंतरची आठ वर्षं या एका प्रश्नावर घालवली. आत्या सरळ विचारायची, "अहो, चाळीस वर्षं डिंक करताय, लाडू तरी होतात का त्याचे?" यावर आतोबा शांतपणे म्हणत, "डिंक कुणीही करेल. तो कसा होतो ते मला बघायचंय."

समजावून सांगायची मात्र त्यांना दांडगी हौस. माझ्या चुलतभावाच्या लग्नात शेजारच्या पाहुण्याने केवळ सभ्यतेपोटी "आपण काय करता?" असं विचारलं आणि पंगत बसली आहे हे आतोबा विसरलेच. आतोबा म्हणाले, समजा आपण सगळे रेणू आणि ही जिलबी म्हणजे आम्लाने आणलेला विद्युतभार आहे. वाढप्याने आग्रह करून ती तुमच्या पानात टाकली. तुम्हाला ती नकोय, तुम्ही अस्वस्थ. मग तुम्ही काय करता, उभ्या माणसाला हात धरून शेजारी बसवता आणि जिलबी त्याच्या पानात सारता. आता तो अस्वस्थ. तो पुढच्याला ओढतो. पंगत लांबत जाते, पण जिलबी कायम शेवटच्या पानात. एवढं बोलून ते थांबले असते तर बरं होतं. त्यांनी खरोखरच तीन माणसांना उठवून बसवलं, त्यात नवरीचे मामा होते, आणि त्यांच्या पानात दुसऱ्याच्या पानातली जिलबी हाताने सारली. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. "आणि मग," आतोबा रंगात येऊन म्हणाले, "पाणी वाढणारा येतो, जिलबी उचलतो आणि चालायला लागतो. पंगत तिथेच संपली. म्हणून पाणी वाईट." मामांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. ते अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

दुसरं वेड घड्याळाचं. कुठल्याही गोष्टीचा वेग मोजल्याशिवाय ती झाली असं ते मानतच नाहीत. दूध उतू जायला किती वेळ, टावर चौकातल्या दुकानात कचोरी कढईत टाकल्यापासून बशीत यायला किती वेळ, सगळं वहीत. आपल्या मराठी माणसांत 'बराय, येतो' म्हटल्यावर पाहुणा खरोखर किती वेळाने जातो याचा त्यांनी दोन वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की पाहुणे दोन असोत की सहा, वेळेत काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो आत्या फाटकाशी उभी आहे की नाही याने. ती आत वळली की फाटक लगेच वाजतं. "म्हणजे या क्रियेचा वेग पाहुण्यांवर अवलंबूनच नाही," हे त्यांनी आत्याला मोठ्या आनंदाने वाचून दाखवलं, "तो सर्वस्वी तुझ्यावर आहे." आत्या चार दिवस फाटकाशी गेली नाही.

आता या माणसाला एकच गोष्ट मिळवायची होती, आणि ती म्हणजे नावामागे 'डॉक्टर'. यात त्यांची हाव कमी आणि आत्याची लाज जास्त गुंतलेली होती. लग्नाच्या बोलणीत मध्यस्थाने माझ्या आजोबांना सांगितलं होतं, 'मुलगा वर्षभरात डॉक्टर होतोय.' आजोबांनी ते पक्कं धरलं आणि सगळ्या गोतावळ्यात सांगून टाकलं. वर्ष गेलं, दहा गेली. पहिले गाइड रिटायर झाले, दुसरे बदली होऊन गेले, तिसऱ्या गाइड मॅडम तर आतोबांचीच विद्यार्थिनी. कॉलनीत सगळे त्यांना सवयीने 'डॉक्टरसाब' म्हणायचे आणि ताप आला की दार ठोठावायचे, आत्या प्रत्येकाला सांगायची, "ते डॉक्टर अजून व्हायचेत. आणि झाले तरी क्रोसीन देणारे नव्हेत." हसत सांगायची, पण मी तिचा भाचा आहे, मला कळायचं. शेवटी युनिव्हर्सिटीने मुदत वाढवून दिली आणि सोबत लिहून कळवलं की यानंतर वाढ नाही. सत्तरीच्या माणसाला हे असं कळवलं की घरातलं वातावरण दहावीच्या परीक्षेसारखं होतं.

मॅडमनी कॉलेजच्या पश्चिम टोकाची एक अडगळीची खोली त्यांना रविवारपुरती दिली होती. रविवारी सकाळी मी पोहे खाऊन स्कूटरवर त्यांना घेऊन जायचो आणि माझं काम स्टॉपवॉच धरून आकडे लिहिणं. पावसाळ्यात सुट्टी, कारण आषाढ लागला की आतोबा प्रयोगाला हात लावत नसत. कॉलेजात त्याला 'सर का चातुर्मास' म्हणायचे. खोलीत एक काचेची पेटी होती. तिच्यात हात घालायला रबरी मोजे बसवलेले, दाराला रबराची पट्टी, आत कोरडी हवा. त्या पेटीत ते द्रव्य आणि आम्ल एका काचेच्या फुग्यात भरायचं. फुग्यावर केसासारखी बारीक नळी. रेणू हात धरून उभे राहिले की त्यांना जागा कमी लागते, त्यामुळे नळीतली पातळी खाली उतरते. किती सेकंदात किती उतरली, हे आतोबा भिंगातून बघून सांगणार आणि मी लिहिणार. सांगायला हरकत नाही, पहिल्या रविवारी मला वाटलं होतं काहीतरी स्फोट वगैरे बघायला मिळेल. प्रत्यक्षात दोन माणसं डोक्याला डोकं लावून एका नळीकडे बघत बसलेली. एकदा एक विद्यार्थी अमावस्येचं स्नान करून ओल्या केसांनी नमस्कार करायला आला, त्याला त्यांनी दारातूनच आशीर्वाद देऊन घालवला.

वर्षानुवर्षं निघत काहीच नव्हतं. म्हणजे निघायचं, पण जे इतरांनी आधीच लिहून ठेवलंय तेच. आणि मग तो मे महिना आला. मालव्यातला मे, पश्चिमेची खोली, छताला पंखा होता तो नुसता बघायला. आतोबांच्या पाठीवरून घाम नुसता ओघळत होता आणि ते भिंगाला डोळा लावून तसेच उभे. मला राहवलं नाही. बाहेरच्या बोळात ऑफिसचा एक कूलर पडून होता. मी तो ओढत दारापाशी आणला, चार बादल्या पाणी ओतलं, खसाच्या जाळ्या भिजवल्या आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं, आतोबा कूलरसकट मला बाहेर फेकतील. त्यांनी फक्त मान वळवून पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेटी बंद आहे. चल जाईल."

त्या दिवशी नळीतली पातळी उतरेचना. मी एक मिनिट लिहिलं, दोन लिहिली, आकडा तोच. मग अचानक धडाधड उतरायला लागली. आतोबांनी भिंग खाली ठेवलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. आधी काही काळ काहीच नाही, मग एकदम वेग. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. आम्ल आणि ईथर भेटल्याबरोबर साखळी सुरू होत नाही, आधी दोघं जोडी करून गप्प बसतात आणि मग पुढचं चालतं, अशी त्यांनी उपपत्ती मांडली आणि त्या गप्प बसण्याला नाव दिलं 'विश्रांती'. मागच्या वर्षांत ही विश्रांती का कधी दिसली नाही, तर तेव्हा माल इतका शुद्ध नव्हता, असं त्यांनी स्वतःला आणि मग मॅडमना समजावलं. मॅडम खूश. आत्याने हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगितलं की यांना विश्रांती सापडली; बायकांना वाटलं तब्येतीला आराम पडला. चातुर्मासात त्यांनी दोनशे पानांचा प्रबंध लिहिला. हिवाळाभर तो टाइप झाला आणि फ्रीगंजमधून मरून रंगाचं रेक्झीनचं बाइंडिंग करून आला, वर सोनेरी अक्षरं. आत्याने त्याला कुंकू लावलं. कुंकवाचं बोट मरून रंगावर दिसलंच नाही, म्हणून तिने परत लावलं.

दाखल करायला तीन आठवडे होते. पुन्हा मे महिना. आतोबा म्हणाले, "चल, एकदा शेवटचं करून येऊ. काही कारण नाही, मनाला बरं वाटेल." गेलो. कूलर जागेवर होता, पण नळाला एक दिवसाआड पाणी आणि तो दिवस नेमका कोरडा. मी कूलर तसाच सुका चालवला. गरम तर गरम, वारा तरी लागेल. प्रयोग सुरू झाला आणि पहिल्या सेकंदापासून पातळी सरसर खाली. मी आकडे लिहीत गेलो, लिहीत गेलो, विश्रांती कुठेच नाही. आतोबांनी नवा फुगा भरला. पुन्हा तेच. मग त्यांनी कूलरकडे पाहिलं. उठले, पेटीच्या दारावरची रबराची पट्टी बोटाने दाबली. ती पापडासारखी तुटून हातात आली. "ऑफिसच्या टाकीत पाणी असेल," ते म्हणाले, "दोन बादल्या आण." मी आणल्या. कूलर ओला झाला, गार वारा आला, आणि तिसऱ्या फुग्यात विश्रांती परत आली. आम्लाने ईथरला भार द्यायच्या आधीच दमट वाऱ्यातलं पाणी तो भार पळवत होतं. पाणी संपलं की मग साखळी. त्यांची दोनशे पानं म्हणजे माझ्या चार बादल्या होत्या.

मी म्हटलं, "आतोबा, आपण दोघांनीच पाहिलंय." मला लाज वाटते, पण म्हटलं. मॅडमना सांगितलं तर त्याही तेच म्हणाल्या, "सर, बाहर वाले एग्ज़ामिनर को क्या पता कूलर था कि नहीं था। जमा कर दीजिए, इस उम्र में कौन पूछता है।" बाईंचा जीव होता त्यांच्यावर, म्हणूनच म्हणाल्या. मी आशेने आत्याकडे गेलो. मला वाटलं ती तरी त्यांना दटावून प्रबंध जमा करायला लावेल, चाळीस वर्षांचा प्रश्न आहे. आत्या पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते जे लिहिलंय ते खोटं आहे?" मी म्हटलं, "खोटं नाही गं, चुकीचं आहे." ती म्हणाली, "आता माहीत झाल्यावर खोटंच." आणि पोळी उलटली. पण ती पोळी करपली, आणि आत्याची पोळी करपलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

आतोबांनी बाइंडिंग फाडलं. तीन आठवड्यांत विश्रांतीची सगळी प्रकरणं काढून टाकली आणि त्या जागी तीस पानं घातली: दिसलेली विश्रांती ही दमट हवेने कशी आली, कूलर ओला असताना काय, कोरडा असताना काय, आणि यापुढे कुणी कूलर असलेल्या गावात हे प्रयोग केले तर काय काळजी घ्यावी. आकडे तपासायला मला दिली ती पानं. त्यात एक वाक्य होतं, 'प्रयोगकर्त्याने उष्म्यामुळे खोलीत कूलर लावला होता.' प्रयोगकर्ता म्हणजे ते. माझं नाव कुठे नाही. मी ते वाक्य वाचलं, आकडे बरोबर आहेत म्हणून सांगितलं, आणि कागद परत दिले. चार महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला: काम अत्यंत प्रामाणिक, परंतु नवीन निष्कर्ष नाही, नव्याने प्रयोग करून पुन्हा सादर करावे. मुदत मात्र शिल्लक नव्हती. फाइल बंद झाली. तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या कुणीतरी 'डॉक्टरसाब आहेत का' म्हणून विचारलं तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "नाहीत. आणि आता व्हायचेही नाहीत. काय होतंय तुम्हाला?" आणि आत जाऊन क्रोसीन आणून दिली.

त्या खोलीत आता कॉम्प्युटर बसलेत, आणि त्यांना म्हणे एसी लागतो. आतोबा रविवारी घरीच असतात. अजून पुड्या साठवतात, अजून दूध उतू जाण्याचा वेळ मोजतात, पण वहीत लिहीत नाहीत. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. आत्या आत आमरसाच्या तयारीत, आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. वर्षभर मनात ठेवलेलं मी एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, "आतोबा, तुम्ही लिहिलंत प्रयोगकर्त्याने कूलर लावला. लावला होता मी. तुमची डॉक्टरकी मी घालवली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लावलास तू," ते म्हणाले, "पण पहिल्याच रविवारी माझ्या मनात आलं होतं रे, की रबर जुनं आहे. उठून बंद करायला दोन पावलं लागली असती. पण पाठीला वारा लागला. एवढ्या वर्षांत त्या खोलीत मला उकडतंय का, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. म्हटलं, राहू दे थोडा वेळ."

आतोबा उठले, आत गेले, आणि आत्याने चाखायला दिलेली आमरसाची वाटी माझ्यासाठी घेऊन आले.